गृहीतकाचा मुक्काम : सूक्ष्मदर्शक, सक्रिय द्रव्य आणि शिकणारी यंत्रे

१९०८ साली पॅरिसमधल्या दोन प्रयोगशाळांची उत्तरे एका मोजमापावरून जुळेनात. प्रश्न साधा होता : पाण्यात तरंगणारा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण ठरावीक वेळात सरासरी किती सरकतो? कोलेज द फ्रान्समध्ये व्हिक्टर आँरी यांनी सूक्ष्मदर्शकाला सिनेमाचा कॅमेरा जोडला आणि रबराच्या चिकातले कण सेकंदाला वीस चित्रे या गतीने फिल्मवर टिपले. त्यांना मिळालेले सरकणे आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सूत्रातून निघणाऱ्या आकड्याच्या सुमारे चौपट भरले. सॉर्बोनमध्ये ज्याँ पेरँ आणि त्यांचे विद्यार्थी शोदसेग यांनी मात्र हाताने काम केले. ठरावीक सेकंद झाले की कण जिथे दिसेल तिथे कागदावर टिंब द्यायचे, हीच त्यांची पद्धत. त्यांचे उत्तर सूत्राशी जुळले. आँरींच्या आकड्यांनी अनेक फ्रेंच पदार्थवैज्ञानिकांचा आइन्स्टाइनवरचा विश्वास डळमळला होता, तो या टिंबांनी सावरला. त्या काळचे सर्वांत आधुनिक यंत्र हरले आणि पेन्सिल जिंकली. पण यातून यंत्रापेक्षा माणूस बरा असा धडा काढणे घाईचे होईल. पेरँ यांची सरशी झाली ती हाताच्या कौशल्यामुळे नव्हे. आपल्या मोजमापात आपण काय काय गृहीत धरले आहे हे त्यांना ठाऊक होते आणि त्यातली प्रत्येक गोष्ट त्यांनी वेगळ्या वाटेने तपासून घेतली होती.

हे गृहीत धरणे किती नाजूक होते हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८२७ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने क्लार्किया नावाच्या फुलाच्या परागकणांतून बाहेर पडणारे बारीक कण पाण्यात सतत थरथरताना पाहिले. हा जिवंतपणाचा आविष्कार असावा ही पहिली शंका त्याने स्वतःच मोडीत काढली. काच, खनिजे, अगदी इजिप्तमधल्या स्फिंक्सच्या दगडाचा भुगासुद्धा त्याने पाण्यात टाकून पाहिला आणि सगळेच नाचले. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे या नाचाचा वेग मोजण्याचे प्रयत्न झाले. १९०० साली फेलिक्स एक्सनर यांनी मोजलेला वेग उष्णतेच्या सिद्धांताने सांगितलेल्या वेगापेक्षा फारच कमी निघाला. निरीक्षणात खोट नव्हती. खोट होती ती वेग ही मोजण्याजोगी राशी आहे या समजुतीत. पाण्याच्या रेणूंचे धक्के खाणारा कण सेकंदाला इतक्या वेळा दिशा बदलतो की दोन टिंबांमधली सरळ रेघ हा त्याचा मार्ग नसतोच. टिंबांमधला काळ निम्मा केला तर दिसणारा वेग सुमारे १.४ पट होतो, पाव केला तर दुप्पट. असा आकडा कणाबद्दल काहीच सांगत नाही, निरीक्षकाच्या घड्याळाबद्दल सांगतो. आइन्स्टाइन आणि स्मोलुखोव्हस्की यांनी ओळखले की मोजायचा तो सरकण्याच्या अंतराचा वर्ग. त्याची सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते, आणि त्या प्रमाणाचा गुणक तापमान, द्रवाचा चिकटपणा, कणाची त्रिज्या आणि अ‍ॅव्होगाड्रोची संख्या यांच्यावरून ठरतो.

यातली त्रिज्या नक्की हवी म्हणून पेरँ यांनी घेतलेली मेहनत आजही थक्क करते. चित्रकार पिवळ्या रंगासाठी वापरतात तो गॅम्बोज नावाचा चीक त्यांनी निवडला. तो कोकमाच्याच, म्हणजे गार्सिनिया प्रजातीतल्या झाडांपासून मिळतो. पाण्यात चोळला की त्याचे गोल कण होतात, पण लहानमोठे. ते सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून आकारांप्रमाणे वेगळे करायचे. एक किलो गॅम्बोजपासून सुरुवात करून कित्येक महिन्यांनी हवे तसे एकसारखे कण हाती आले ते काही डेसिग्रॅम. पेरँ यांच्या गाजलेल्या आकृतीत अशा तीन कणांचे मार्ग आहेत. कणांची त्रिज्या ०.५३ मायक्रॉन, टिंबे दर तीस सेकंदांची. त्या रेघांनी फसू नका हेही त्यांनीच बजावले : टिंबे दर सेकंदाला घेतली असती तर प्रत्येक रेघेच्या जागी तितकीच वेडीवाकडी तीस रेघांची साखळी आली असती. शिवाय हेच कण पाण्यात उंचीनुसार कसे विरळ होत जातात ते मोजून त्यांनी अ‍ॅव्होगाड्रोची संख्या आधीच स्वतंत्रपणे काढली होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच संख्या आली, तेव्हा अणूंच्या अस्तित्वावरचा वाद मिटत आला. १९२६ साली पेरँ यांना नोबेल मिळाले.

सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा माग काढण्याचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास, आजच्या मशीन लर्निंगपर्यंतचा, सहसा डोळ्यांच्या सुटकेची कथा म्हणून सांगितला जातो. आधी हात, मग कॅमेरा, मग संगणक, मग शिकणारे नेटवर्क, आणि प्रत्येक पायरीवर माणसाची मनमानी कमी कमी. हे चित्र अर्धेच खरे आहे. कष्ट निश्चित कमी झाले. गृहीतके मात्र कमी झाली नाहीत, त्यांनी फक्त मुक्काम हलवला. पेरँ यांच्याकडे ती सिद्धांतात होती, उघड लिहिलेली. संगणकाच्या पहिल्या पिढीत ती गणितविधीच्या एका ओळीत गेली. नेटवर्कच्या काळात ती प्रशिक्षणाच्या चित्रांत जाऊन बसली आहेत, जिथे ती सर्वांत कमी दिसतात. आणि हे स्थलांतर नेमके अशा क्षेत्रात सर्वाधिक महागात पडू शकते, जिथे या नव्या साधनांची गरजही सर्वाधिक आहे : सक्रिय द्रव्याच्या अभ्यासात.

सक्रिय द्रव्य म्हणजे ज्याचा प्रत्येक घटक स्वतः ऊर्जा खर्च करून हलतो असे द्रव्य. जिवाणूंचे थवे, पेशींच्या चादरी, पक्ष्यांचे कळप आणि प्रयोगशाळेत घडवलेले स्वयंचलित कण, सगळे यात मोडतात. या क्षेत्राचा पाया घालणारे एक यंत्र हॉवर्ड बर्ग यांनी १९७० च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात बांधले. इ. कोलाय जिवाणू पोहत पोहत दृष्टिक्षेत्राबाहेर जाऊ लागला की हे यंत्र पाण्याची कुपीच सरकवून त्याला मध्यावर परत आणत असे, तिन्ही मितींत. १९७२ साली बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी त्यातून जे दाखवले ते आज पाठ्यपुस्तकात आहे. जिवाणू साधारण सेकंदभर सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागात गडबडून दिशा बदलतो, पुन्हा धावतो. अन्नाच्या दिशेने जाताना या धावा लांबतात. एका वेळी एकच जिवाणू पाहणाऱ्या यंत्राने हे साधले. पण थव्याचा प्रश्न एकेकट्याच्या निरीक्षणातून सुटत नाही. १९९५ साली तमाश विचेक आणि सहकाऱ्यांनी संगणकावर एक प्रतिमान मांडले. त्यात प्रत्येक कण ठरलेल्या वेगाने चालतो आणि शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेकडे, थोडी चूक करत, वळतो. एवढ्याशा नियमातून, गोंगाट कमी आणि गर्दी पुरेशी असेल तर, सारा समुदाय एका दिशेने निघतो. त्याच वर्षी जॉन टोनर आणि युहाई तू यांनी अशा कळपांचा प्रवाही सिद्धांत दिला. आता हजारो घटक एकाच वेळी, न चुकता ओळखून दाखवणारी नजर हवी होती.

हे ओळखणे का अवघड, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एका प्रयोगावरून कळते. विजय नारायण, श्रीराम रामस्वामी आणि नारायणन मेनन यांनी तांब्याच्या तारेचे काही मिलिमीटर लांबीचे तुकडे एका थरात पसरून तळ उभ्या दिशेने थरथरवला. थरथरीतून ऊर्जा मिळालेले तुकडे ओळीत येऊ पाहत आणि वावरत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी मोजले ते इतकेच : ठरावीक चौकटीत किती तुकडे आहेत आणि ही संख्या किती वरखाली होते. समतोलातल्या साध्या द्रव्यात ही चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, शंभराला दहा, दहा हजारांना शंभर. रामस्वामी आणि सहकाऱ्यांच्या सिद्धांताचे भाकीत होते की अशा सक्रिय द्रव्यात ती खूप वेगाने, जवळजवळ संख्येच्याच प्रमाणात वाढेल, आणि प्रयोगात तसेच दिसले. आता समजा, कण शोधणारी पद्धत दाटीत काही कण हुकवते. ते हुकणे सगळीकडे सारखे नसेल. जिथे गर्दी जास्त तिथे ते जास्त होईल, म्हणजे जो चढउतार मोजायचा तोच दाबला जाईल. दिसण्यातली चूक आणि पाहायची घटना एकमेकींत गुंतलेल्या असल्या की सरासरी काढून चूक धुऊन जात नाही.

या काळात सर्वत्र वापरली गेलेली पद्धत शिकागो विद्यापीठातल्या जॉन क्रॉकर आणि डेव्हिड ग्रायर यांची, १९९६ सालची. चित्रातला गोंगाट गाळायचा, उजेडाचे ठिपके शोधायचे, प्रत्येक ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत नेमका करायचा. मग एका चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात कुठला हे ठरवायचे. वारीतल्या गर्दीची, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच पांढऱ्या टोप्या असलेली, क्षणाच्या अंतराने वरून घेतलेली दोन छायाचित्रे समोर ठेवून कोण कुठे सरकला ते सांगण्यासारखेच हे काम. क्रॉकर आणि ग्रायर यांनी त्यासाठी सुबक तोडगा काढला : सर्व जोड्यांच्या सरकण्याच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल अशा जोड्या लावा. हा निकष हवेतून आलेला नाही. एकमेकांवर परिणाम न करणारे, ब्राउनच्या पद्धतीने भटकणारे कण असतील तर सर्वाधिक संभाव्य जोडणी हीच, असे त्यांनी स्वच्छ दाखवून दिले होते. म्हणजे पेरँ यांनी जे सिद्ध केले ते आता मोजण्याच्या साधनातच ओतले गेले. कलिलांसाठी, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या निर्जीव कणांसाठी, हे उत्तम चालले. पण ज्यांची ओळखच मुळी स्वतःच्या दिशेने धावणे आणि शेजाऱ्याच्या नादाने वळणे ही आहे, त्यांच्यासाठी हेच गृहीतक उलटे पडते. कॅमेरा पुरेसा जलद असेल तोवर काही बिघडत नाही. कण दाट आणि वेगवान झाले की जोडणी अगदी शेजाऱ्याकडे झुकते आणि धाव कापली जाते.

मशीन लर्निंग इथे आले ते या अडचणीवरचा उतारा म्हणून. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात तयार झालेल्या यू-नेट या नेटवर्कने दाखवले की पेशींची सीमारेषा आखायला हजारो नमुने लागत नाहीत. माणसाने रेखाटलेली तीसच चित्रे, ती वाकवून-ताणून वाढवलेली, पुरेशी ठरली. २०१८ मध्ये ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतून आलेल्या केअर या पद्धतीने मंद प्रकाशात घेतलेली धूसर चित्रे स्वच्छ करून दिली, म्हणजे नाजूक जिवांना प्रखर उजेडात भाजण्याची गरज कमी झाली. २०१९ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात साग हेल्गादोत्तिर, आयकुत आर्गुन आणि जोव्हानी व्होल्पे यांनी डीपट्रॅक मांडले. त्यातली कल्पना साधी पण परिणामकारक होती. खऱ्या चित्रात कण नेमका कुठे आहे हे माणसालाही पिक्सेलच्या अंशापर्यंत माहीत नसते. म्हणून नेटवर्कला खरी चित्रे शिकवायचीच नाहीत. संगणकावर कण काढायचा, गोंगाट मिसळायचा, उजेड वाकडातिकडा करायचा, आणि कणाची जागा आपणच ठरवलेली असल्याने अचूक उत्तरासकट लाखो चित्रे नेटवर्कपुढे ठेवायची. अशा तालमीत तयार झालेले नेटवर्क लुकलुकत्या, अपुऱ्या उजेडातही लेझरने धरून ठेवलेल्या खऱ्या कणाचा माग काढू शकले. जुनी पद्धत तिथे अडखळत होती.

यावर पहिला आक्षेप सनातनी बाजूने येतो. सूत्रात काय आहे ते वाचता तरी येते, नेटवर्क ही बंद पेटी आहे, तेव्हा विज्ञानाने जुन्या सूत्राशीच राहावे. हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण जुन्या पद्धतीचा रोजचा वापर तो विसरतो. किती उजळ ठिपका कण मानायचा आणि किती लांबचे सरकणे अशक्य मानायचे, हे आकडे प्रयोग करणारा चित्राकडे पाहून स्वतःच ठरवतो. दोन प्रयोगशाळा एकाच फिल्मवरून थोडी वेगळी उत्तरे काढू शकतात, आणि तो फरक सूत्राच्या स्वच्छ रूपामागे लपतो. डीपट्रॅकसारख्या पद्धतीत निदान एक सोय आहे : प्रशिक्षणाची चित्रे कुठल्या नियमाने काढली ते लिहिलेले असते आणि ते दुसऱ्याला बदलून पाहता येते. प्रश्न पेटी बंद असल्याचा नाही. पेटीत भरलेले गृहीतक कोणी पाहत नाही, हा खरा प्रश्न आहे. सुट्या सुट्या कणांच्या चित्रांवर शिकवलेले नेटवर्क चिकटलेल्या कणांच्या पुंजक्यावर चालवले तर ते अतिशय आत्मविश्वासाने चुकेल. आणि सक्रिय कण तर एकमेकांत ओढ नसतानाही नुसत्या धावण्यामुळे पुंजके करतात, हे ज्युलिएन तायर आणि माइक केट्स यांनी २००८ साली सिद्धांताने दाखवले होते.

दुसरा आक्षेप उत्साही बाजूचा : आता उत्तरे न दाखवताच शिकणाऱ्या पद्धती आल्या, मग गृहीतक उरले कुठे? २०१९ ची नॉइज-टू-व्हॉइड पद्धत स्वच्छ चित्राशिवाय गोंगाट काढते. २०२२ ची लोडस्टार पद्धत कणाच्या एकाच, कोणतीही खूण न केलेल्या चित्रावरून शिकते. पण पहिली असे धरून चालते की शेजारच्या पिक्सेलांतला गोंगाट परस्परांशी संबंधित नाही. दुसरी असे धरते की चित्र दोन पिक्सेल सरकवले तर कणाची जागाही दोन पिक्सेलच सरकली पाहिजे. ही गृहीतके चांगली आहेत, दुसरे तर नाकारणे अशक्य आहे. त्यांचा मोठेपणा मात्र ती नाहीशी झाल्यात नाही, ती कमी आणि उघड आहेत यात आहे. यंत्र नियमच शोधून काढते हा दावाही याच कसोटीवर घासावा. ब्रँडाइस विद्यापीठात झ्वोनिमिर डोगिच यांच्या गटाने २०१२ साली पेशींतल्या सूक्ष्मनलिका आणि त्यांना ओढणारे कायनेसिन प्रथिन यांपासून स्वतःच वाहणारा द्रव बनवला. २०२२ मध्ये त्या द्रवाच्या चित्रांवरून संगणकाने त्याची समीकरणे काढली. कामगिरी खरी आहे. पण समीकरणात कुठली पदे येऊ शकतात याची यादी सममिती पाहून माणसांनी दिली होती, यंत्राने त्यातली निवडली. अ‍ॅन्डी नावाच्या स्पर्धेत कणाचा मार्ग पाहून त्याच्या भटकण्याचा प्रकार ओळखायचा होता. २०२१ च्या निकालात शिकणाऱ्या पद्धती एकूण पुढे राहिल्या, पण प्रकार पाचच होते आणि ते आधीच ठरलेले होते. सहावा प्रकार निसर्गात असेल तर तो ओळखण्याची परीक्षा ती नव्हती.

मग यात नवे काही नाही असे म्हणावे काय? तसेही नाही. संख्या आणि वेग बदलला की विचारता येणारे प्रश्न बदलतात. लाइपझिग विद्यापीठात फ्रांक चिखोस यांच्या गटाने २०२१ साली, सोन्याचे नॅनोकण चिकटवलेले सूक्ष्म गोळे लेझरने एका बाजूला तापवून चालवले, आणि कुठल्या चौकोनातून कुठल्या दिशेने ढकलायचे हे संगणकाला बक्षीस-दंडाच्या रीतीने शिकू दिले. प्रत्येक क्षणी कण ओळखून लगेच निर्णय घ्यायचा, हे टिंबे देणाऱ्या हाताला अशक्यच होते. पाण्याच्या धक्क्यांनी होणारे भटकणे शिकण्याच्या वेगावर आणि शिकलेल्या डावपेचावरही परिणाम करते, हे त्यातून दिसले. जोड्या लावण्याचे जुने कोडेही आता, कणांचे शेजारसंबंध जाळ्याच्या रूपात मांडून, नेटवर्कच सोडवू लागले आहेत.

खरी अडचण यापुढे आहे. पेरँ यांच्या मोजमापाला एक पहारेकरी होता. तापमान, चिकटपणा, त्रिज्या माहीत असली की आइन्स्टाइनचे सूत्र एकच आकडा सांगते, तो आला नाही तर काहीतरी चुकले आहे. समतोलातल्या द्रव्याला हा पहारा फुकट मिळतो. सक्रिय द्रव्य समतोलात नसते, म्हणून त्याला असा सार्वत्रिक आकडा नाही. प्लॅटिनमचा अर्धा मुलामा दिलेले आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर धावणारे गोळे २००७ साली जोनाथन हाउस आणि सहकाऱ्यांनी अभ्यासले, तेव्हा थोड्या काळापुरते ते नेमाने धावताना आणि दीर्घ काळात पुन्हा भटकताना दिसले. दीर्घ काळाची चित्रे एवढीच घेतली तर धावणारा कण नुसता जास्त तापलेला वाटेल. म्हणजे ज्या क्षेत्राला यंत्राच्या नजरेची सर्वांत जास्त गरज, तिथेच ती नजर तपासण्याची सोय सर्वांत कमी. म्हणून इथे पहारे मुद्दाम उभे करावे लागतात, आणि ते उभे करता येतात. इंधन किंवा उजेड बंद करून तेच कण त्याच नेटवर्कने मोजावेत, उत्तर आइन्स्टाइनच्या आकड्यावर परत आले पाहिजे. धावणाऱ्या कणांत थोडे निष्क्रिय कण मिसळून त्यांचाही माग काढावा. बंद कुपीत कणांची एकूण संख्या पुंजके होण्याआधी आणि नंतर सारखीच येते का ते पाहावे. आणि प्रशिक्षणाच्या चित्रांत कणांची घनता, आकार, गोंगाट कुठल्या मर्यादेत होता ते निष्कर्षाच्या शेजारी छापावे, कारण त्या मर्यादेबाहेर नेटवर्कचे उत्तर हे मोजमाप नसून अंदाज असतो. असा पहारा ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत मशीन लर्निंग ही विज्ञानाची पुढची पायरी आहे. तो न ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत ते पुराव्याच्या वेशात आपल्याच गृहीतकाची प्रत परत करते, आणि ती प्रत मूळ गृहीतकापेक्षा जास्त सुबक असल्याने तिच्यावर विश्वासही जास्त बसतो.